चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘नक्की’

कल्लक्कुडीहून आणलेल्या दगडाच्या त्या ठोकळ्याच्या चिठ्ठीवर माझंच अक्षर : ‘प्रवाळ, नक्की’. त्या ‘नक्की’ची आता लाज वाटते.

कल्लक्कुडी म्हणजे तिरुचिरापल्लीजवळच्या, सिमेंटसाठी चुनखडी काढतात त्या खाणी. भूशास्त्रात इथल्या थराचं नाव अजून डालमियापुरमच आहे. तेच नाव स्टेशनावरून काढा म्हणून 1953 साली करुणानिधी रुळांवर आडवे झाले होते. थर क्रिटेशियस काळातला, दहा कोटी वर्षांहून जुना. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. दगडात गाठीगाठींचे पापुद्रे दिसले आणि मी प्रवाळ ठरवून मोकळी झाले.

लॅबमध्ये दगडाचे काप घासायचं काम तिथल्या काकांचं. चकती काचेवर चिकटवून कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत 0.03 मिलिमीटरवर आणायची, की दगडातून उजेड आरपार जातो. त्या दिवशी स्लाइड पुढे सरकवत काका म्हणाले, “मॅडम, चिठ्ठी बदला.”

सूक्ष्मदर्शकाखाली मच्छरदाणीसारखी तपकिरी वीण. एकेक पेशी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी. मध्येच कणसातल्या दाण्यांसारखी ओळीने बसलेली बीजाणूंची घरं. स्पोरोलिथॉन! लाल शैवाल.

प्रवाळ नव्हताच असं नाही. पण त्याचा सांगाडा अरॅगोनाइटचा, म्हणजे चुन्याच्या सहज विरघळणाऱ्या खनिजाचा. तो कधीच विरघळून जागी कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्याच जास्त टिकाऊ खनिजाचे, स्वच्छ स्फटिक भरलेले, फक्त बाह्याकार शिल्लक. शैवाल पेशीभिंतींतच मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट साठवतं. पुढे मॅग्नेशियम निघून गेलं तरी वीण टिकते. मोडक्या प्रवाळावर, शिंपल्यांच्या चुऱ्यावर ते थरावर थर चढलं होतं, फटींत शिरून तुकडे एकमेकांना जखडत. लाटांच्या माऱ्यात भित्ती तगते ती बरीचशी या गिलाव्यावर. आणि आपण तिला प्रवाळभित्ती म्हणतो.

चुकणारी मी पहिली नाही, एवढंच समाधान. या शैवालांना पूर्वी ‘नलिपोर’ म्हणत आणि लोक त्यांना प्राणीच समजत, त्या वनस्पती आहेत हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फिलिपीने 1837 साली मांडलं. प्रशांत महासागरातल्या फुनाफुती या प्रवाळबेटावर 1896 ते 1898 दरम्यान सुमारे 340 मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा बेट बांधणाऱ्यांत महत्त्वाच्या क्रमाने लाल शैवाल पहिलं आलं, प्रवाळ चौथा.

“भिंगाशिवाय कसं ओळखलंत?” मी विचारलं.

“उजेडाला धरा. प्रवाळ काचेसारखा दिसतो. हे मळकं.”

बाकीचे सतरा ठोकळे बाहेर काढले. अकरांवर ‘प्रवाळ’ होतं. घासायला देण्याआधी सगळ्यांवरचं ‘नक्की’ तेवढं खोडलं.