मला रस्त्यावर आणि ट्रॅकवर, दोन्हीकडे चालणारी गाडी हवी आहे

परवा इथल्या पासिंग केंद्रातल्या एका इंजिनिअरने माझ्या गाडीसाठी तासभर दिला. मी नुसतं विचारायला गेले होते. गाडीत अजून काहीच बदललेलं नव्हतं आणि तपासणीची तारीखही लांब होती. तरी त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च घेऊन खालून सगळी पाहिली, मला गाडीत करायच्या बदलांची यादी वाचली आणि एकेका वस्तूपुढे पेन्सिलने लिहीत गेले: हे चालेल, हे चालेल पण कागद लागेल, हे नको. त्या यादीमुळे माझा बरेच दिवस लटकलेला निर्णय झाला. धाकटा भाऊ सारखा विचारतोय, "ताई, ट्रॅकसाठी वेगळी गाडीच का घेत नाहीस?" फोनवर सांगून त्याचं समाधान होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी जर्मनीत कोलोनला राहते. नुर्बुर्गरिंग हे मोटारशर्यतींचं ठिकाण इथून सव्वा तासावर, आयफेलच्या डोंगरात आहे. त्यातला जुना ट्रॅक म्हणजे नॉर्डश्लायफे. तो १९२७ साली सुरू झाला. लांबी २०.८३२ किमी आणि सर्वांत उंच व सर्वांत खालच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. फॉर्म्युला वन चालक निकी लाउडाचा १९७६ चा अपघात इथलाच, आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या जुन्या ट्रॅकवर परत आली नाही. पण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत बऱ्याच संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हाच ट्रॅक सगळ्यांसाठी उघडतो. तिकीट काढायचं आणि स्वतःची गाडी आत घालायची. त्या वेळी तो कायद्याने टोल असलेला एकेरी रस्ता मानला जातो. वाहतुकीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचं, लॅपची वेळ मोजायला बंदी. आणि गाडी रस्त्यावर चालायला परवानगी असलेली, नंबर प्लेटवाली हवी. स्लिक म्हणजे खाचा नसलेले शर्यतीचे टायर चालत नाहीत.

माझ्यासाठी अर्धा वाद या शेवटच्या अटीपाशीच संपतो. कोणाच्या घराजवळ वेगळा ट्रॅक असेल तर त्याचं उत्तर वेगळं येईल. माझ्या घराजवळ नॉर्डश्लायफे आहे, आणि ज्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मला तिथे जाता येतं, त्या संध्याकाळी नंबर प्लेट नसलेली गाडी फाटकाच्या आत जाऊ शकत नाही.

आता गाडीबद्दल. माझ्याकडे स्विफ्ट स्पोर्ट आहे, १.६ लिटरची, १३६ हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल. घरच्या लोकांना हे सांगितलं की पलीकडे जरा शांतता पसरते. जर्मनीत राहून स्विफ्ट? हो, स्विफ्टच. आपल्याकडे २००५ मध्ये स्विफ्ट आली तेव्हापासून सगळ्यांनी ती पाहिली आहे, पण ही स्पोर्ट आवृत्ती भारतात कधी विक्रीला आलीच नाही. रिंगच्या आसपास भाड्याने ट्रॅकसाठी गाड्या देणारे नवशिक्यांच्या हाती हीच गाडी देत आले आहेत, आणि त्याला कारण आहे. वजन जेमतेम एक टनाच्या वर. हलकी गाडी टायर कमी खाते, ब्रेक कमी तापवते आणि चालवणाऱ्याला चूक लवकर कळवते. दुप्पट ताकदीची गाडी सरळ रस्त्यावर पुढे जाईल, पण उतारावरच्या वळणांच्या मालिकेत कोण काय करतंय हे ताकदीवर ठरत नाही. मी मोठी गाडी घेऊ शकले असते. ती मला नको होती.

तरीही मोह झाला. ओळखीतल्या एकाने त्याची रेसची गाडी विकायला काढली. आतून पूर्ण मोकळी, वेल्ड केलेला रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा लोखंडी पाइपांचा सांगाडा), बकेट सीट, सहा पॉइंटचा बेल्ट, आग विझवायची यंत्रणा, स्लिक टायरचे जादा सेट. नोंदणी रद्द झालेली, म्हणून किंमत आकर्षक. मी त्या गाडीत बसून पाहिलं. खरं सांगते, त्या सीटमध्ये शरीर असं घट्ट बसतं की स्टीअरिंगला धरून स्वतःला सावरण्याची गरजच राहत नाही, हात फक्त गाडी वळवायला मोकळे राहतात. ट्रॅकसाठी वेगळी गाडी घेणाऱ्यांचं म्हणणं कमकुवत नाही. केज, हेल्मेट आणि मान सांभाळणारं हान्स उपकरण एकत्र वापरलं तर ती गाडी ट्रॅकवर माझ्या गाडीपेक्षा निश्चितच सुरक्षित. दुसरं म्हणजे, ती ठोकली तरी सोमवारी कामाला जायची गाडी शाबूत असते. तिसरं, तिच्यात कसलीही तडजोड नाही. चाकांचा कॅम्बर म्हणजे कल हवा तेवढा द्या, सस्पेन्शनचे रबरी बुश कडक घाला, आवाजाची पर्वा नको, थंडीत पहिल्या सिग्नलला ब्रेक लागतील का याची चिंता नको.

मग मी यादी घेऊन त्या केंद्रात गेले. माझी कल्पना मधली होती: स्विफ्ट नंबर प्लेटवर ठेवायची, पण मागचं सीट काढून रोल बार, पुढे बकेट सीट आणि रेसचा बेल्ट लावायचा.

इंजिनिअर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी आधी विचारलं, ट्रॅक सोडून इतर दिवशी या गाडीत कोण बसतं? मी म्हटलं, मी, नवरा आणि कधी कधी मागे मैत्रीण आणि तिची मुलगी. त्यावर त्यांनी रोल बारच्या ओळीपुढे पेन्सिल थांबवली. डोक्यावर हेल्मेट असताना वाचवणारा तोच लोखंडी पाइप, हेल्मेट नसताना साध्या धडकेत कवटी फोडू शकतो. पॅडिंग लावता येतं, कागदावर नोंदही होते, पण मागे कोणाला बसवायचं नाही. मागचं सीट काढलं की आरसीवर गाडी दोन माणसांची होते आणि मग एका किलोमीटरसाठीही तिसरं माणूस चालत नाही. बकेट सीटचं तसंच. मूळ सीटमध्ये साइड एअरबॅग आहे, ती सीटबरोबर जाणार. रेसच्या बेल्टवर फक्त स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तर रस्त्यावर तो मूळ बेल्टची जागा घेऊ शकत नाही, त्यासाठी रस्त्यावरच्या वापराच्या मंजुरीची वेगळी ई-खूण लागते. ब्रेक पॅडचंही हेच: ट्रॅकचे बरेच पॅड रस्त्यासाठी मंजूर नसतात, कारण ते थंड असताना नीट पकडत नाहीत.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सस्पेन्शनची. मी जे स्प्रिंग निवडले होते त्यांना प्रमाणपत्र होतं. जी चाकं निवडली होती त्यांनाही होतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दाखवलं की स्प्रिंगची चाचणी मूळ चाकांवर झाली आहे आणि चाकांची चाचणी मूळ स्प्रिंगवर. दोन्ही एकत्र बसवली, तर त्या जोडीची चाचणी कोणीच केलेली नाही. म्हणजे गाडी पुन्हा दाखवायची. ते एक चाक ठोकळ्यावर चढवून, स्टीअरिंग पूर्ण वळवून, टायर कुठे घासतो का ते पाहणार आणि मगच सही करणार. नोंद न करता असे बदल केले तर गाडीची परवानगीच रद्द होऊ शकते आणि अपघात झाला तर विमा कंपनी पैसे वसूल करायला तुमच्याच मागे लागू शकते.

इथे जर्मन नियमांचा जाच वाटतो असं लिहिणारे खूप आहेत. मला तरी त्या तासात जाच दिसला नाही. हे कसं करता येईल ते सांगणं हे एका माणसाचं काम आहे, आणि तो ते मन लावून करतो, हे दिसलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला जवळजवळ मनाईच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती पुन्हा पक्की केली. हेतू चांगलाच आहे. कोणीही वेल्डिंग करून रस्त्यावर येऊ नये हे मलाही पटतं. पण त्यामुळे नीट काम करणारा आणि वाटेल ते लावणारा एकाच पारड्यात जातात. आपल्या गॅरेजमधली मंडळी इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतात. ती नजर मला इथे पैसे मोजूनही फार ठिकाणी मिळालेली नाही. त्यांना असा सही करणारा इंजिनिअर मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ट्रॅक तर आपल्याकडेही आहेत. चेन्नईजवळ आहे, कोइम्बतूरला आहे, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये त्या शर्यतींत पोहोचला तेव्हा आपल्याकडे यातलं काहीच सोपं नव्हतं. त्यामुळे "इथे सगळं आहे, तिथे काही नाही" असा सूर माझ्या लिहिण्यातून कोणी काढू नये.

आणि इथे अडचणी नाहीत असंही नाही. रेसची गाडी घेतली तर ती ठेवायची कुठे? नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही. ट्रेलर गाडीपासून सोडवून रस्त्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. माझ्या साध्या लायसन्सवर ओढणारी गाडी आणि जड ट्रेलर मिळून ३.५ टनांची मर्यादा आहे. त्यापुढे ४.२५ टनांपर्यंत जायचं तर एक प्रशिक्षण घ्यावं लागतं. ट्रेलर ओढताना ऑटोबानवर ८० ची मर्यादा, खास मान्यता असेल तर १००. शिवाय ओढणारी गाडीही तशीच दणकट हवी, म्हणजे स्विफ्ट विकून मोठी गाडी घ्या. शहरात भाड्याचं गॅरेज मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. एवढं करून ती गाडी झोल्डर, स्पा, बिल्स्टर बेर्ग अशा दुसऱ्या ट्रॅकवर ठरावीक दिवशीच न्यायची, रजा काढून. माझ्या ओळखीतल्या ट्रॅक गाड्यांचा बराचसा काळ ताडपत्रीखालीच जातो, हे मी पाहते आहे.

भाऊ म्हणेल, पण ताई, सुरक्षिततेचं काय? त्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि माझं उत्तर असं: मी त्या ट्रॅकवर गाडीच्या शेवटच्या टोकाला जात नाही, कारण त्याच गाडीने घरी यायचं असतं. माझ्या कॅस्को विम्यात (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) नुर्बुर्गरिंगवरचं नुकसान वगळलेलं आहे. कठड्याला धडकलं तर कठड्याचं बिलही धडकणाऱ्याच्या नावावर येतं. हे डोक्यात असलं की ट्रॅकवरच्या फुक्सरोरे नावाच्या उतारावर पाय आपोआप थोडा आधी उचलला जातो. कोणाला ही भीती वाटेल. मला तो शिकण्याचा योग्य वेग वाटतो. ज्या दिवशी मला वाटेल की आता गाडी मागे पडतेय आणि मी पुढे आहे, त्या दिवशी केजवाल्या गाडीचा विचार पुन्हा करीन. आज तसं नाही.

मग शेवटी काय केलं? पैसा ब्रेकवर घातला. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते, आणि नॉर्डश्लायफेवर वरून खाली ब्राइडशाइड या सखल भागापर्यंत उतरताना ब्रेकला थंड व्हायला उसंत कमी मिळते. साध्या डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल घातलं आणि दर हंगामाच्या आधी ते बदलणार. रस्त्यासाठी मंजूर असलेले जरा कडक पॅड बसवले. ई-खूण असलेले चांगल्या पकडीचे टायर मूळ मापातच घेतले आणि अलाइनमेंट करून घेतली. मूळ स्प्रिंग, मूळ सीट, मूळ बेल्ट तसेच आहेत. नोंद करावी लागेल असं यात काहीच नाही.

रेसची गाडी बेल्जियमच्या सीमेजवळच्या एका जोडप्याने घेतली. त्यांच्याकडे कोठार आहे, ट्रेलर आहे आणि दोघांचंही स्पर्धेचं लायसन्स आहे. भावाला हवी असलेली पॅडची आणि ऑइलची नावं मी त्याला वेगळी पाठवते. त्याच्या गाडीला तेच माप बसेल का, ते त्याने आधी गॅरेजमध्ये दाखवून घ्यावं.