देवगडच्या सड्यावर, बादलीने वीज मोजत

देवगडला मुलांना पवनचक्क्या दाखवायच्या असतील तर सकाळी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नेऊ नका. सकाळी मतलई वारे असतात, जमिनीकडून समुद्राकडे जाणारे, आणि ते बहुतेक वेळा इतके मंद की पाती हलत नाहीत. मग सहा वर्षांचं पोर विचारतं, ‘ही बंद पडलीय का?’ आणि पुढचा अर्धा तास त्याचं समाधान करण्यात जातो. ‘वारो दुपारी येतलो’, हे गावात कुणीही सांगेल. जांभ्याचा कातळ तापला, त्यावरची हवा वर गेली की समुद्रावरची थंड हवा आत शिरते. हे खारे वारे अकरा-बारानंतर सुरू होतात आणि तीन ते पाचच्या दरम्यान भरात असतात. मार्च ते मे हा त्यांचा चांगला काळ. जोराचा वारा जून-जुलैमध्ये असतो हे खरं, पण तेव्हा शेवाळलेल्या कातळावर लहान मुलांना उभं करणं शहाणपणाचं नाही.

आम्ही नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळलो तो आंब्याचा हंगाम होता. मुलं सहा ते दहा वर्षांची. रेल्वेने येणाऱ्यांनी कणकवलीला उतरल्यावर फलाटावरूनच इंजिनाच्या डोक्यावरचा, तारेला टेकलेला सांगाडा दाखवून ठेवावा. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण 2022 मध्ये पुरं झालं, त्यामुळे वीज म्हणजे फक्त दिवा-पंखा नव्हे हे तिथेच सांगून होतं.

सकाळचा वेळ विहिरीसाठी. वाडीत अजून रहाट असलेली विहीर सापडते. कठडा मुलांच्या छातीपर्यंत असेल तरच वापरायची आणि दोरापाशी एक मोठा माणूस कायम उभा हवा. आधी खोली मोजायची. दोराला दर मीटरवर गाठ मारा, बादली सोडा, पाण्याला टेकेपर्यंत गाठी मोजा. पाणी 10 मीटर खाली असेल आणि बादलीत 10 लिटर येत असेल, तर ती वर आणायला साधारण 980 ज्यूल ऊर्जा लागते. ज्यूल हा शब्द मुलांपुढे काढायची गरज नाही. फक्त सांगायचं, की घरातल्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे अशा सुमारे 3,670 बादल्या. लहानांना 10 लिटर ओढवत नाही. त्यांना 3 लिटरची कळशी द्या आणि तीन कळश्यांची जवळजवळ एक बादली धरा. पाच बादल्यांत हात भरून येतात. त्यानंतर ‘वीज वाया घालवू नका’ असं भाषण कुणी दिलं नाही तरी चालतं. पर्यावरणाची भीती घालून सुरुवात करण्यापेक्षा ही सुरुवात मला कितीतरी सरस वाटते.

विहिरीवरून परतताना भिरभिऱ्याचं सामान माडाखालीच मिळतं. हिरव्या झावळीच्या पातीतून हीर, म्हणजे मधली ताठ काडी, सोडवून घ्यायचा. तो नंतर आस म्हणून लागतो. पातीच्या 30 सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या मधोमध दुमडायच्या. पहिलीच्या दुमडीत दुसरी, दुसरीच्या दुमडीत तिसरी, तिसरीच्या दुमडीत चौथी आणि चौथीची टोकं पहिलीच्या दुमडीतून काढून सगळं एकदम आवळायचं. मध्ये चौकोनी वीण आणि चार दिशांना चार हात दिसले म्हणजे जमलं. हात एकाच बाजूला हलके पिळायचे, मधल्या विणीला हिराने भोक पाडायचं, भोक हिरापेक्षा थोडं सैल ठेवायचं. मागेपुढे पातीच्या शिरेच्या गाठी मारल्या की भिरभिरं हिरावरून निसटत नाही. वाळलेली पात घेतली तर दुमडताच फाटते.

कागदी भिरभिरं शहरातल्या शाळेसाठी ठीक. 15 सेंटिमीटरचा चौकोन, कर्णावर चार काप, पण मध्यापासून 2 सेंटिमीटर आधी थांबायचं. एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी. ते फिरत नसेल तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: टाचणी घट्ट बसली आहे, कागद आणि काठीच्या मध्ये मणी घातलेला नाही, किंवा एक टोक उलट्या बाजूने दुमडलं आहे. मणी मुलं हमखास विसरतात. तो नसला की कागद काठीला घासतो आणि मंद वाऱ्यात चक्र जागचं हलत नाही.

एक गैरसमज इथेच फेडावा. बऱ्याच मुलांना वाटतं की पवनचक्की वारा तयार करते, कारण घरातला पंखा तेच करतो. छताचा पंखा वीज घेऊन हवा हलवतो. इथे हवा पात्यांना हलवते आणि वीज मिळते. हे तोंडी सांगून पटत नाही. भिरभिरं आधी वाऱ्यात धरायला लावा, मग घरात आणून पंख्याखाली.

दिवा पेटवण्याचा हट्ट मात्र धरू नका. इंटरनेटवरच्या व्हिडिओत खेळण्याच्या मोटरला पाती लावली की एलईडी लगेच उजळतो. प्रत्यक्षात ती मोटर 6 व्होल्टला मिनिटाला हजारो फेरे मारायला बनवलेली असते. भिरभिऱ्याच्या वेगाने फिरवली तर एक व्होल्टही मुश्किलीने देते, आणि लाल एलईडीला सुमारे 1.8 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला 3 च्या आसपास. दातेचाकं बसवलेली पिवळी बीओ मोटर घेतली तर मंद फिरण्यातही पुरेसे व्होल्ट मिळतात, पण तिची दातेचाकं जड असल्याने पाती 25-30 सेंटिमीटरची लागतात. एलईडी उलटा जोडला तरी पेटत नाही; आधी पाय बदलून पाहा, मग मोटरला दोष द्या. दहाच्या आतल्या मुलांना दुसरा प्रयोग जास्त आवडतो. पाती आसावर पक्की बसवायची, म्हणजे आसही फिरेल. आसाला दोरा गुंडाळून त्याला कागदी कप बांधायचा आणि कपात एकेक सुपारी टाकत किती उचलल्या जातात ते मोजायचं. सकाळी त्यांनी बादली उचललेली असते, आता वारा सुपाऱ्या उचलतो. हे नातं मुलं स्वतःच लावतात.

तीन वाजता सडा. वाऱ्याचा अंदाज झाडांवरून घ्या. चेहऱ्याला वारा लागतो, पानं सळसळतात, तर ताशी 6 ते 11 किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, रुमाल सरळ फडकतो, तर 12 ते 19. धूळ-कागद उडायला लागले की 20 च्या वर. पवनचक्की साधारण ताशी 11-14 किलोमीटरला वीज द्यायला लागते.

भारतात किनाऱ्यावर पवनचक्क्यांचे पहिले समूह 1986 मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तामिळनाडूत उभे राहिले. तेव्हाचं एक यंत्र 55 किलोवॅटचं, पात्यांच्या चक्राचा व्यास 15 मीटरच्या घरात. तेवढं चक्र ताशी 18 किलोमीटरच्या वाऱ्यात साडेचार किलोवॅटच्या आसपास देईल. एक किलोवॅट म्हणजे सेकंदाला साधारण एक बादली वर आणण्याचं काम, तेव्हा हे झालं सेकंदाला पाचेक बादल्या. वारा दुप्पट, ताशी 36 झाला की 37 किलोवॅट, सेकंदाला 38 बादल्या. वारा दुप्पट आणि काम आठपट. इथे मोठी माणसंही थबकतात. मुलांना आठ दगड आणि एक दगड शेजारी मांडून दाखवा, सूत्र नको.

लांबून पाती संथ फिरताना दिसतात. 15 मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला 50 फेरे घेत असेल तर पात्याचं टोक ताशी 140 किलोमीटरने धावत असतं. एका पात्यावर नजर ठेवून 15 सेकंदांत फेरे मोजायचे आणि चारने गुणायचं, हे काम आठ-नऊ वर्षांची मुलं बिनचूक करतात.

जास्त वारा म्हणजे जास्त वीज, असं मात्र शेवटपर्यंत चालत नाही. मोठी यंत्रं ताशी 90 किलोमीटरच्या सुमारास स्वतःला थांबवतात. 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा याच्या पुढे होता. श्रीवर्धन-दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. शिवाय राज्यातल्या बहुतेक पवनचक्क्या कोकणात नाहीतच, त्या घाटमाथ्यावर आहेत, साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला. सह्याद्रीची धार ओलांडताना वारा वेग घेतो, आणि तिथे खारी हवा लोखंड खात नाही. सड्यावरच्या एखाद्या कुंपणाच्या तारेचा गंज दाखवला की दुसरं कारण समजतं.

मुक्काम घरगुती निवासात असेल तर रात्री वीजमीटर बघायचा, हात न लावता. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर 3200. तेवढे असतील तर एक लुकलुक म्हणजे जवळपास आपली सकाळची एक बादली. फक्त 75 वॉटचा पंखा चालू ठेवला तर 15 सेकंदांनी एकदा, 30 वॉटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा असेल तर 38 सेकंदांनी. 9 वॉटचा एलईडी एकटा असेल तर दोन मिनिटांहून जास्त वाट पाहावी लागते आणि मुलं कंटाळतात, म्हणून तो शेवटी. 2000 वॉटचा गीझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोन. मग यजमानांना विचारून सगळी बटणं बंद करायची. दिवा तरीही लुकलुकत राहिला तर फ्रिज, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स किंवा टाकीवर पाणी चढवणारा पंप चालू आहे; तो शोधायला मुलांना घरभर सोडा, फक्त स्वयंपाकघरातल्या चुलीपासून लांब.