कुंपणानंच शेत खाल्लं तेव्हा : आमची वाटचाल

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं दहा बाय बाराचं दुकान. भिंतीला लागून पॉवरलूम, दिवसभर खडखडाट. हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, लिथियम बॅटरी पॅकसाठी आम्ही लो-व्होल्टेज कटऑफ बनवतो, म्हणजे बॅटरी फार उतरायच्या आत रेडिओ तोडणारं सर्किट. २०१४ ला सुरुवात केली. पहिली चार वर्षं बरी गेली.

तीन सेलचा पॅक, भरल्यावर १२.६ व्होल्ट. ९.६ ला आमचं सर्किट रेडिओ तोडायचं आणि ११.१ झाल्याशिवाय परत जोडायचं नाही. एवढं अंतर ठेवावंच लागतं. लोड सुटला की व्होल्टेज वर उसळतं, आणि अंतर कमी असेल तर रेडिओ नुसता चालू-बंद होत बसतो. ते आम्ही पहिल्या बोर्डापासून नीट केलं होतं. चुकलं दुसरीकडे.

२०१८ च्या पावसाळ्यात सात पॅक मेलेले परत आले. आमचाच माल विकणाऱ्या एका दुकानदारानं ते काउंटरवर मांडून ठेवले आणि शेजारी बाहेरून मागवलेली बोर्डं लावली. महिन्याभरात ऑर्डरी थांबल्या. दुकानाचं भाडं द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. चार वर्षं आमच्या मालावर धंदा केला, एक फोन करता आला नाही? अजून सलतं.

तेव्हा धावून आले अक्कलकोटचे सर. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, आमचं पहिलं गिऱ्हाईक. एसटीनं आले, पिशवीत पॅक आणि वही. वहीत रोजचं व्होल्टेज लिहिलेलं. म्हणाले, "अरे, रेडिओ काढून ठेवला तरी रोज उतरतंय. तुझं सर्किटच खातंय."

मीटर सिरीजमध्ये लावला. १.२ मिलिअँपिअर! रेफरन्सला, म्हणजे तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज द्यायला, वापरलेल्या टीएल ४३१ या चिपलाच एक मिलिअँपिअर लागतो, आणि ती रेडिओ तोडणाऱ्या मॉसफेट स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीवर. रेडिओ तुटला तरी सर्किट दिवसाला जवळपास २९ मिलिअँपिअर-तास ओढतच होतं. तळाला गेलेला सेल कसा टिकणार?

मग मायक्रोअँपिअरवर चालणारा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप, घेतला, आणि बॅटरीचं व्होल्टेज विभागून देणारा रेझिस्टरांचा डिव्हायडर मेगाओहममध्ये नेला. तर कटऑफ सरकायला लागला, कधी ९.४, कधी ९.९. आठवडा गेला. कारण निघालं सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरलेलं फ्लक्स, आणि त्यावर चिकटलेलं लूमचं तूस. तेव्हापासून प्रत्येक बोर्ड आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशनं मी स्वतः धुतो, ते काम पोरांवर सोडत नाही.

नव्यानं बनवणाऱ्यांनो, पॅकचं एकूण व्होल्टेज बघून निर्धास्त राहू नका. दोन सेल ३.५ वर आणि एक २.६ वर असला तरी बेरीज ९.६ च येते. आणि दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल चार्ज करून वाचवायला जाऊ नका. आतलं तांबं विरघळलेलं असतं, चार्जिंगला शॉर्ट होतो.

पाटल्या दीड वर्षानं सुटल्या. प्रत्येक बॅचचा पहिला नग आजही अक्कलकोटला जातो, महिनाभर सरांच्या वहीत राहतो. त्यांचा फोन आला की मगच बाकीचे नग पॅक करतो.