एका तिळाचे आठ तुकडे

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आमच्या कूलरची मोटर नेमकी त्याच आठवड्यात बसलेली, आणि धंतोलीतल्या एका लॅबमध्ये ३७ डिग्रीवर आमचे सहा भ्रूण मजेत. हो, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात ते) करून राहिलो आम्ही. बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं, लॅबचा फोन मी उचलणार नाही, तुझा नंबर दे. म्हणून ते पाच दिवस फोन वाजला की माझ्या पोटात गोळा, मग तो क्रेडिट कार्डवाल्याचा का असेना.

पहिल्या दिवशी कळलं, ९ अंडी निघाली, ७ पक्की, ६ फर्टिलाइज. हे कसं कळतं विचारलं तर लॅबवाल्या मॅडम म्हणाल्या, १६-१८ तासांनी मायक्रोस्कोपखाली अंड्यात दोन गोल दिसले पाहिजेत, एक आईकडचा, एक बापाकडचा. तीन दिसले तर ते बाद.

नंतर मी रात्री जागून वाचत बसलो (झोप तशीही येत नव्हती) आणि एक गोष्ट वाचून चाटच पडलो. मला वाटायचं एकाचे दोन, दोनाचे चार होतात म्हणजे ते मोठं होत असेल. तसं नाहीच. अंडं असतं साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे ३० अंडी ओळीत लावली तर कुठे एक तीळ होईल, आणि पहिले चार-पाच दिवस तो ठिपका जवळपास तेवढाच राहतो, फक्त आतल्या आत तुकडे होत जातात, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी ८. आपण म्हणतो ना एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला, तसलंच. चौथ्या दिवशी सगळ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून तुतीच्या फळासारखा गोळा होतो, त्याला मोरुला म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तुतीच.

तिसऱ्या दिवशी पाच नीट होते, एक चारवरच अडकलेला. चौथ्या दिवशी फोन नाही, त्या दिवशी त्यांना डिस्टर्ब करत नाही म्हणे. पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा मी अजनी चौकात होतो, गाडी साइडला घेतली. दोन. फक्त दोन.

घरी आईला सांगितलं तर ती लगेच, "मी म्हणत होती तिले, एवढी दगदग नको करू, ऑफिसले काऊन जाते?" मी म्हटलं आई, ते डबीत होते गं! ती ऑफिसात होती आणि ते धंतोलीत! दगदगीचा काय संबंध? सुरुवातीचे दोन-तीन दिवस भ्रूण अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो, ४ ते ८ पेशींच्या सुमारास त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि त्यानंतर बरेच तिथंच थांबतात. पुष्कळदा क्रोमोसोमचा हिशोबच चुकलेला असतो, ४६ हवे तिथे एखादा कमी नाहीतर जास्त. अंड्याचं वय वाढलं की ही गडबड वाढते हे खरं, पण वय काय ती मुद्दाम वाढवून राहिली का? आई गप्प झाली, पटलं की नाही माहीत नाही.

उरलेल्या दोनांपैकी एक आत सोडला, दुसरा उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये. सोडताना सोनोग्राफीवर एक पांढरा ठिपका सरकला, झालं. मग घरी आईचा जिन्याचा प्रश्न, आम्ही दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. "पडन नाही का रे ते?" डॉक्टर म्हणाल्या होत्या पडत नाही, पलंगावर पडून राहायची गरज नाही, तो एक-दोन दिवसांत कवच फोडून बाहेर येतो आणि स्वतःच गर्भाशयाच्या अस्तरात रुतायला लागतो.

क्लिनिकनं फोटो दिलाय, तो आईनं देवघरात पोथीखाली ठेवलाय. परवा चष्मा लावून बघत होती, "डोकं कुठी आहे याचं?" मी दाखवलं, हे बाहेरचं पेशींचं कडं त्याची वार होणार, मधे पाणी, आणि हा एका बाजूचा गोळा आहे ना, यातून बाळ. डोकं कोणतं आणि पाय कोणते हे अजून त्यालाही ठरवायचंय, साधारण १५ व्या दिवशी त्या गोळ्यातून झालेल्या चकतीवर एक रेघ उमटते तेव्हा ते ठरतं. तोवर एकाचे दोनसुद्धा होऊ शकतात. हे ऐकून आईनं फोटोला पुन्हा एकदा नमस्कार केला.

गंमत म्हणजे फाइलवर आत सोडला त्याच दिवशी लिहिलंय, २ आठवडे ५ दिवस. पाळीच्या तारखेपासून मोजतात ना, म्हणून जो जन्माला येऊन पाचच दिवस झालेत त्याच्या वयात दोन आठवडे फुकटचे. बायको म्हणाली, आतापासूनच वय चोरायचं सोडून वाढवून राहिला, बापावर गेला.

गुरुवारी बीटा एचसीजी, म्हणजे राहिलं की नाही ते सांगणारी रक्ताची टेस्ट. नंबर माझाच दिलाय.