जिन्याखालचा कॉम्प्युटर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डिचोलीच्या आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येकजण जिन्याखालचा डेस्कटॉप बघून हेच म्हणतो: दोन हजारांत नवा राउटर येतो, मग घरात इंटरनेट वाटायला हा २००९ चा डबा रात्रंदिवस कशाला चालू?

विजेचं आधी कबूल करतो. मीटर लावून मोजलंय, ६२ वॉट. महिन्याला साधारण ४५ युनिट. छोट्या राउटरचं सहा युनिटांत भागतं. ‘जुनं वापरलं की पैसे वाचतात’ असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायचो, ते चूक होतं. पण मूळ कारण पैसा नव्हताच. आमच्या राउटरला सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले, वस्तू मात्र धडधाकट. जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तार जोडायला दुसरं लॅन कार्ड बसवलं आणि राउटरचं काम त्याच्याकडे दिलं. अपडेट आजही येतात. तो राउटर आता फक्त वायफाय देतो. घरात काय यावं, काय बाहेर जावं याचे नियम मी लिहिलेत आणि मला ते वाचता येतात.

खरं विचारायचं असतं ते कोणी विचारत नाही. बाबांच्या कॅसेटींचं काय झालं?

बाबा जत्रेच्या नाटकांत गायचे. अकरा कॅसेटी होत्या. दमटपणाने फितींना बुरशी धरू लागली म्हणून मी गाणी कॉम्प्युटरवर उतरवली आणि कॅसेटी टाकून दिल्या. हे याच्या आधीचं मशीन. दोन हार्ड डिस्क मिररमध्ये होत्या, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, एक प्रत माझ्याकडे ठेव.” मी म्हटलं, “दोन डिस्क आहेत, गरज नाही.”

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. शेजारच्या माडावर वीज पडली. इंटरनेटची तार तेव्हा तांब्याची. मोडेम, लॅन कार्ड, मदरबोर्ड, दोन्ही डिस्कचे सर्किट बोर्ड, सगळं एकदम गेलं. यूपीएस होता, पण वीज इंटरनेटच्या तारेतून आली. तिथे तो काय करणार? एकाच डब्यातल्या, एकाच पॉवर सप्लायवरच्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. हे मला माहीत होतं. माहीत असून मी भावाला नको म्हटलं. दुरुस्तीवाल्याने तसलाच बोर्ड शोधला, जुन्यावरची चिप काढून त्यावर बसवली. डिस्क फिरलीच नाही. आत्याच्या पेनड्राइव्हवर तीन कॅसेटींची गाणी निघाली. आठ गेल्या.

तरी सहा महिन्यांत दुसरा जुना डेस्कटॉप आणून पुन्हा तेच उभं केलं. मशीन जुनं होतं म्हणून गाणी गेली नाहीत, नवंही जळलंच असतं, असं मी तावातावाने सांगतो. पण घरात नुसता राउटर असता तर मी कॅसेटी टाकल्याच नसत्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता लाईन फायबरची आहे, काचेतून वीज येत नाही. एक डिस्क मडगावला भावाकडे असते, दर गणेशचवथीला बदलून आणतो. आई अधूनमधून म्हणते, “ती जत्रेतली नांदी लाव रे.” ती आठांतली. मी दुसरी लावतो.