पुणे स्टेशन : जाणाऱ्यांचे आणि येणाऱ्यांचे

रविवार, रात्र

पाहुण्यांना गाडीत बसवून देण्याच्या निमित्ताने आज बऱ्याच काळाने पुणे स्टेशनवर जाणे झाले. बिहारमधल्या दानापूरच्या गाडीची वाट पाहणारी माणसे फलाटावर पथाऱ्या पसरून बसली होती आणि त्या गजबजाटात मराठी शब्द क्वचितच कानावर पडत होता. बरोबरच्या एकाने नाक मुरडून म्हटले, "हे आता पुणेकरांचे स्टेशन राहिले नाही." हे वाक्य मला पटले नाही आणि घरी आल्यावरही ते डोक्यातून गेले नाही.

मुळात हे स्टेशन पुणेकरांसाठी बांधलेच कुठे होते? १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तेव्हा गाव होते ते पेठांत आणि स्टेशन झाले ते गावाबाहेर, लष्कराच्या शेजारी. कारण सोय पाहायची होती ती गोऱ्या पलटणींची आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवणाऱ्या मुंबईच्या गव्हर्नराची. मुंबईकडची गाडी तेव्हा खोपोलीपर्यंतच येत असे आणि मधला घाट पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच चढावा लागे. ३७ फुटांमागे एक फूट अशी चढण असलेला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, तेव्हा कोठे पुणे आणि मुंबई सलग जोडली गेली.

आजची दगडी इमारत १९२५ सालची. पाच वर्षांनी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी धावू लागली. आम्ही पुणेकर तिच्याविषयी घरच्या माणसासारखे बोलतो, तिचे वाढदिवस साजरे करतो, तिच्या डायनिंग कारचे कौतुक सांगतो. परंतु १९५५ पर्यंत या गाडीला तिसऱ्या वर्गाचा डबाच नव्हता, ही गोष्ट त्या कौतुकात सहसा येत नाही. म्हणजे सामान्य पुणेकराला ही राणी पंचवीस वर्षे केवळ फलाटावरून पाहायची होती! पुढे नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्या पासधारकांनी तिला खऱ्या अर्थाने आपलेसे केले, आणि १९७८ मध्ये लोणावळ्याची लोकल सुरू झाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले कामगारही या स्टेशनाचे रोजचे प्रवासी झाले. हे स्टेशन सर्वाधिक पुणेकरांचे कधी असेल, तर ते याच काळात.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ज्यांना मोटार परवडत होती त्यांतील पुष्कळांनी स्टेशनाकडे पाठ फिरवली. त्यांची जागा कोणी बळकावली नाही. ती रिकामी झाली होती. ज्यांच्या हातांनी आमच्या सोसायट्यांचे मजले चढले, ती माणसे याच फलाटांवर उतरली. त्यांना परके म्हणणाऱ्याने आपण शेवटचे रेल्वेने कधी गेलो होतो, हे आधी आठवावे.

गर्दी विभागली जावी म्हणून आता काही गाड्या हडपसरहून सोडल्या जातात. सहा फलाटांवर किती गाड्या मावणार, हे कारण मला मान्य आहे. मात्र हडपसरला रात्री उतरलेल्या, बोचकी आणि लहान मुले घेऊन आलेल्या कुटुंबाला पुढे परवडेल असे वाहन मिळेल, ही व्यवस्था गाड्या हलवण्याच्या आधी व्हायला हवी होती.