पोरांना घेऊन बर्फाच्या जत्रेत

जपानमधल्या साप्पोरो शहराचा बर्फोत्सव म्हटलं की सगळ्यांनी फोटोत बघितलेले असतात ते बर्फाचे महाल, किल्ले, देवळं. तीन-चार मजली उंचीचे, रात्रीच्या रंगीत दिव्यांत उजळलेले. सोबत लहान पोरं असतील तर ते फोटो आधी डोक्यातून काढून टाका. पोरांना पुतळ्यांचं काही अप्रूप नसतं. त्यांना बर्फ हवा असतो: लाथ मारायला, तोंडात घालायला, एकमेकांच्या मानेत कोंबायला. आम्ही सगळा बेत याच हिशेबाने आखला आणि म्हणूनच तो निभावला, असं माझं मत.

मुळात फेब्रुवारीत देवगड सोडून जाणं म्हणजे बागायतदाराच्या घरात बंडच. कलमं मोहरलेली, कुठे कैरी धरलेली, फवारण्या चालू, पहिल्या पेट्या वाशीला लावायची गडबड. पण उत्सव असतोच फेब्रुवारीच्या सुरुवातीला, जेमतेम आठवडाभर. त्याला आमच्या हापूसचं काय पडलंय! शेवटी दिरांनी बाग अंगावर घेतली आणि आम्ही कणकवलीहून कोकणकन्या पकडली. मुंबईहून साप्पोरोला थेट विमान नाही. टोकियोला उतरून दुसरं धरायचं. पुढे न्यू चितोसे विमानतळावरून रेल्वेने साधारण चाळीस मिनिटांत साप्पोरो. व्हिसा, तिकिटं यांची रडगाणी सगळीकडे सारखीच, म्हणून ती इथे गात नाही. हॉटेलचं मात्र काही महिने आधी बघा, त्या आठवड्यात भाव चढलेले असतात.

निघताना सासूबाईंचा एकच घोषा, "पोरांच्या कानात कापूस घाल गो." आमच्याकडे पारा पंधरा-सोळावर आला की 'यंदा थंडी बरी पडली, मोहर चांगला येणार' म्हणून लोक खूश होतात. तिथे भर दुपारी शून्याच्या आसपास आणि रात्री उणे सात-आठ. कापसाने काय होणार! जाड कपडे इथे शोधत बसलो नाही. मुंबईहून फक्त आतले थर्मल घेतले आणि पोरांच्या बर्फातल्या विजारी, बूट, हातमोजे सगळं साप्पोरोत उतरल्यावर तानुकिकोजी नावाच्या छप्पर असलेल्या बाजारपेठेतून घेतलं. तिथल्या पोरांना रोज लागणाऱ्या वस्तू त्या, त्यामुळे मापं मिळतात आणि माल खात्रीचा असतो. हातमोज्यांचे दोन जोड घ्याच, पहिला अर्ध्या तासात भिजतो. खिशात ठेवायच्या गरम पुड्या कुठल्याही दुकानात मिळतात. आत लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजायला लागते आणि त्या गंजण्याची ऊब कित्येक तास टिकते. फक्त ती पुडी पोरांच्या उघड्या अंगाला लावू नका, चटका बसतो.

खरी परीक्षा थंडीची नसतेच, ती असते शूची. थर्मल, स्वेटर, जॅकेट, वरून खांद्याला पट्टे असलेली फुगीर विजार, असा सगळा जामानिमा चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून, टोपी बांधून दाराशी आलो की धाकटा शांतपणे जाहीर करणार, "आई, शू." त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी शौचालय शोधायचं हा नियम. साप्पोरो स्टेशनपासून ओदोरी उद्यानापर्यंत, म्हणजे उत्सवाच्या मुख्य जागेपर्यंत, जमिनीखालून उबदार रस्ता आहे, २०११ साली झालेला. त्याचे आम्ही फार उपकार मानले. बाबागाडी मात्र नेऊ नका, बर्फात चाकं रुततात. तिथले आईबाप प्लास्टिकच्या घसरगाडीला दोरी बांधून पोरांना ओढत नेतात. आम्हीही एक घेतली. धाकटा तिच्यात बसून डुलक्या काढायचा आणि बाबा दोरी ओढायचा.

या शहरात हिवाळाभरात साधारण पाच मीटर बर्फ पडतो, आणि वस्ती जवळजवळ वीस लाखांची. एवढा बर्फ का, हे कळलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सैबेरियाकडून येणारा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि डोंगराला अडून ते खाली टाकतो. म्हणजे आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचं आणि सह्याद्रीचंच गणित, फक्त थंडीतलं. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन मीटरच्या वर पाणी कोसळतं म्हणून कोणी शाळा-बाजार बंद करून बसतं काय? तिथेही तसंच. बर्फ पडत असताना लोक छत्रीसुद्धा उघडत नाहीत. दारात आले की खांदे झटकतात आणि आत जातात. रात्री नांगरगाड्या रस्ते साफ करतात. चौकाचौकांत पेट्या ठेवलेल्या असतात, त्यांत बारीक खडीच्या पिशव्या. रस्ता निसरडा दिसला तर कोणीही पिशवी फोडावी आणि खडी पसरावी. थोरलीला हे काम फारच आवडलं. एका म्हातारबाबांनी तिला हाताला धरून दाखवलं, कुठे टाकायची, किती टाकायची. मग प्रत्येक सिग्नलला आमचा मुक्काम ठरलेला.

आता उत्सवाकडे. ओदोरी हे शहराच्या मधोमध आडवं पसरलेलं दीड किलोमीटर लांबीचं उद्यान आणि त्याच्या एका टोकाला टीव्ही टॉवर. १९५० साली तिथल्या शाळकरी मुलांनी या उद्यानात बर्फाचे सहा पुतळे केले, तिथून हे सगळं सुरू झालं. १९५५ पासून जपानच्या संरक्षण दलाचे जवान मोठे पुतळे उभारायला लागले आणि १९७२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमुळे साप्पोरोचं नाव जगभर झालं. आता वीसेक लाख माणसं येतात. पोरांनी केलेली ही जत्रा पुढे मोठ्यांनी बळकावली, असं मला तिथे उभं राहून वाटलं. पुतळे थोर आहेत, यात वाद नाही. पण धाकट्याने त्या पंधरा मीटर उंच इमारतीकडे एकदा मान वर करून बघितलं, "झालं?" विचारलं आणि पायाखालचा बर्फ उकरायला बसला.

बर्फाचा गोळा करायला गेला तर तो काही होईना. तिथला बर्फ कोरडा, रव्यासारखा सुटा, मुठीत धरला तरी बोटांतून निसटतो. मग एवढे पुतळे कसे उभे राहतात? तर ट्रकने स्वच्छ बर्फ आणतात, लाकडी साच्यांत भरतात, तुडवून तुडवून घट्ट करतात, साचा काढतात आणि मग कुऱ्हाडी-फावड्यांनी कोरतात. बारीक नक्षीचे तुकडे पाण्यात कालवलेल्या बर्फाने चिकटवतात. हे कळल्यावर थोरलीने पाण्याची बाटली ओतून स्वतःचा माणूस उभा केला. टोपीएवढा, एका डोळ्याचा, पण झाला! तोवर नवरा वेगवेगळ्या देशांच्या संघांनी केलेल्या शिल्पांसमोर उभा राहून दिरांना फोन करत होता, "तुडतुड्यांची फवारणी झाली काय?"

ओदोरीला संध्याकाळी जा. पाचच्या आतच सूर्य मावळतो, दिवे लागतात, पोरं झोपेला यायच्या आत सगळं बघून होतं. टपऱ्यांवर उकडलेला बटाटा लोण्याचा गोळा घालून देतात, त्यावर दोन्ही पोरं जेवली. मसालेदार हवं असेल तर सूप करी मागा. पातळ रस्सा, त्यात अख्खी कोंबडीची तंगडी आणि भाज्यांच्या मोठ्या फोडी, वेगळा भात. तिखट किती हवं ते सांगता येतं. खोबऱ्याचं वाटण नाही एवढंच, नाहीतर आपलीच.

पोरांसाठी खरा उत्सव दुसऱ्या ठिकाणी, त्सुदोमेला. भुयारी रेल्वेच्या तोहो मार्गाने साकाएमाची स्थानकापर्यंत जायचं, तिथून बस. पुतळ्यांची गर्दी नाही, बर्फाच्या घसरगुंड्या आहेत, रबरी ट्यूबमध्ये बसून सुसाट खाली यायचं. थोरली पहिल्यांदा वर जाऊन रडायला लागली, रांगेतून परत यायला निघाली, मग एका जपानी मुलीने ट्यूबची दोरी तिच्या हातात दिली आणि दोघी एकामागोमाग किंचाळत खाली. त्यानंतर तिला तिथून हलवणं मुश्कील. बाजूला भलामोठा बंदिस्त घुमट आहे, आत ऊब, खाणं, बसायला जागा. ओले मोजे बदला, गरम काहीतरी प्या, परत बाहेर. जवळ एकच दिवस असेल तर ओदोरी तासाभरात उरका आणि उरलेला दिवस इथे घालवा.

तिसरं ठिकाण सुसुकिनो. तिथे बर्फाच्या पारदर्शक लाद्यांची शिल्पं असतात आणि काहींच्या आत अख्खे मासे, खेकडे गोठवलेले. आमची पोरं देवगडच्या जेटीवर वाढलेली. बर्फात मासळी बघून धाकट्याने विचारलं, "हे कितीला?" तेवढ्यावर नवऱ्याला हुरूप आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निजो बाजारात. केसाळ कुर्ल्या, हातभर पायांच्या लाल कुर्ल्या, शिंपले, माशांची केशरी अंडी. कुर्लीचा भाव बघून त्याने मुकाट्याने पाकीट आत ठेवलं, पण दुकानं एकूण एक फिरला, कुर्ल्या उलट्या करून बघायला मिळत नाहीत म्हणून हळहळला.

उत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशी पुतळे पाडतात. वितळून कोणाच्या अंगावर कोसळू नयेत म्हणून. आम्ही विमानतळाकडे निघण्याआधी ओदोरीला चक्कर मारली तर दोरीपलीकडे जेसीबी कामाला लागलेले, महालाचा अर्धा भाग खाली. लोक हळहळत फोटो काढत होते. आमचा धाकटा दोरीला लोंबकळून टाळ्या पिटत होता. सगळ्या प्रवासात त्याला सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर हे.

"एवढे पैसे घालून जेसीबी बघायला आलो काय?" नवरा म्हणाला.

"तू तरी काय बघितलंस?" मी म्हटलं. "कुर्ल्या!"